चमूतला सगळ्यात कच्चा

ऑनलाइन स्पर्धेत बक्षीस म्हणून ठेवलेली एकमेव नोकरी परागला मिळाली, तेव्हा मृण्मयीने मनापासून त्याचं अभिनंदन केलं. तो त्यांच्या चमूतलं कच्चं लिंबू. पंपाच्या आराखड्यातली त्याची प्रत्येक चूक तिनेच न कंटाळता समजावून दिली होती.

"मग, पेढे कधी?" तिने विचारलं.

"ताई, मी माणूस नाही, प्रोग्राम आहे," परागने लिहिलं. "तुमचं काम शिकायलाच मला चमूत घातलं होतं. आभारी आहे."

मृण्मयीला नोकरी मिळवायला दुसरी वाटच नव्हती. महिन्याभराने ती नव्या स्पर्धेत उतरली. पहिल्याच दिवशी चमूतल्या वैदेहीने लिहिलं, "ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. शिकवाल का?"

ही पोरगी खरीच असली तर? मृण्मयीच्या मनात आलं. तरी तिने लिहिलं, "मलाही नाही येत."