सरावाचा रस्ता

"इथं नको," मुकादम म्हणाला आणि पुन्हा किक मारायला पाय उचलला.

मागे बसलेल्या बायकोनं उसासा सोडला. आठवडाभर रोज संध्याकाळी हेच चाललं होतं. तिला मोटरसायकल शिकवायची म्हणून दोघं घराबाहेर पडत. मुकादम चालवी, ती मागे बसे, आणि दिवेलागणीला तशीच मागे बसून घरी येई. हँडलला तिचा हात अजून लागला नव्हता. उद्यापासून तिच्या दवाखान्याकडे जाणारी बस बंद होत होती. नर्सबाईंनी आपापल्या सोयीनं यावं, जमत नसेल तर तसं कळवावं, असा वरून निरोप होता. कळवावं म्हणजे नोकरीवर पाणी सोडावं, हे न कळण्याइतकं त्या घरात कुणी भोळं नव्हतं.

मुकादम रस्तादुरुस्तीच्या गँगवरचा. उभा जन्म डांबरात गेलेला. त्याला रस्ता दाखवणं म्हणजे सोनाराला दुसऱ्याचा दागिना दाखवणं, आधी खोटच दिसायची. कारखान्यामागचा रस्ता सरळ, रुंद, रिकामा. पण कडेला बारीक वाळू, चाक घसरतं. कालव्याकाठचा बरा, पण साइडपट्टी खचलेली. नव्या वस्तीतला तर त्याच्याच गँगनं केलेला, त्याला नाव ठेवायची सोय नव्हती. तिथं म्हणे कुत्री अंगावर येतात. जिथं जाईल तिथं तो उतरायचा, टाच आपटून बघायचा, उकिडवा बसून एक डोळा मिटून रस्त्याच्या पाठीवरून नजर फिरवायचा आणि मान हलवायचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथं नाचणारीला तो अंगणात पाऊलच टाकू देत नव्हता.

खरं कारण दुसरंच होतं, आणि ते त्यानं तोंडावर आणलं नव्हतं. कुठं अपघात झाला की काचा झाडायला त्याच्याच गँगला बोलावणं यायचं. बायको हँडल धरून बसलेली डोळ्यांपुढे आली, की पाठोपाठ त्याला आपल्या हातातला झाडू दिसायचा. तो घाबरला होता.

"आता इथं काय खोट?" बायकोनं विचारलं. सगळे रस्ते नापास झाल्यावर आज ते तिच्या दवाखान्याच्याच रस्त्यावर आले होते.

"बघ की. जागोजाग उखडलाय. खडी मोकळी झालीय."

"मग भरत का नाही?"

"हा आमच्या खात्याकडे येत नाही. त्या दुसऱ्यांकडे आहे."

"त्यांना सांगा मग."

"सांगितलं. ते म्हणतात, तुमच्याकडे आहे."

बायको खाली उतरली. अंगात मुलाची जुनी पँट होती आणि कमरेला नवऱ्याचा पट्टा. तो तिनं आणखी आवळला. "सरका."

"अगं, पण..."

"उद्या मला हाच रस्ता लागणार आहे. मी येतेय म्हणून तो काय गुळगुळीत होऊन बसणार? तुमचा चांगला रस्ता सापडेपर्यंत मी रिटायर होईन. सरका म्हणते ना."

तो सरकला. आपलं हेल्मेट त्यानं तिच्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा दोनदा ओढून पाहिला.

तिचे पाय जेमतेम चवड्यांवर टेकत होते. पहिल्यांदा गाडीनं हिसका दिला आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच.

"क्लच हळू सोड," तो म्हणाला. "बाळ झोपल्यावर त्याच्या अंगावरचा हात काढतेस ना, तसा."

एवढं मात्र तिला कुणी शिकवायला नको होतं. गाडी निघाली. पहिल्याच गिअरमध्ये, इंजिनचा नुसता आक्रोश, दोन्ही पाय हवेत लोंबकळलेले. पण निघाली. वळणावरच्या झाडापर्यंत गेली. तिथं पाय टेकत टेकत तिनं ती वळवली, आणि मुकादमानं कोंडलेला श्वास सोडला.

मग त्याला तो खड्डा आठवला. निम्म्या वाटेवर, भिंतीच्या सावलीत, फुटक्या नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. लांबून सपाट रस्ताच वाटावा असा. जाताना ती दुसऱ्या बाजूनं होती म्हणून वाचली. आता नेमकी त्याच बाजूनं येत होती.

त्यानं हाक मारली. हेल्मेट आणि इंजिन यांच्यापुढे हाकेचं काय चालणार. खड्डा दिसला की आधी तिथं लाल निशाण लावायचं, मग बाकीचं, हे तो गँगवरच्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा. निशाण नव्हतं. तो धावला आणि चपलांसकट खड्ड्यात उतरला. नडगीपर्यंत पाणी आलं. एक हात छातीशी, दुसरा बाजूला लांब. इकडून जा.

तिला तो दिसला तशी गाडी डुगडुगली. क्षणभर वाटलं, आता आडवी होते. पण तिनं नजर त्याच्यावरून काढून तो दाखवत होता त्या बाजूला लावली, आणि गाडी नजरेमागून गेली. आरसा त्याच्या कोपराला लागता लागता राहिला. ती पुढे गेली, थोड्या अंतरावर थांबली. गाडी हिसका देऊन बंद पडली, पण तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

तिनं मान वळवून पाहिलं. मुकादम अजून तिथंच होता.

"अहो, या की बाहेर आता. खड्ड्यात काय उभे राहिलात?"

तो बाहेर आला नाही. खाली वाकून त्यानं बाही वर केली, पाण्यात हात घातला, तळ चाचपला, मग किती खडी लागेल याचा अंदाज घेत चारी बाजूंनी कडा चाचपल्या.

"उद्या किती वाजता निघणार आहेस?" त्यानं विचारलं.