दोन डबे

"गोळी कुठली घालू?" आर्डिसने विचारलं. "प्लॅस्टिकच्या टोकाची, की अख्खी तांब्याची?"

डेल गॅरेजच्या दारात उभा होता. खांद्याला बंदूक, हातात टोपी. "ऑरिन घालायचा तीच घाल."

"म्हणजे तांब्याची. एल्कसारख्या थोराड हरणाच्या खांद्याचं हाड फोडून आत जाते. जनावर अर्धमेलं टाकून डोंगरावरून खाली यायला ऑरिनला आवडायचं नाही."

डेल हसला, पण हसू काही जमलं नाही. गेल्या नोव्हेंबरात बिटररूटच्या डोंगरात आर्डिसचा नवरा कड्यावरून पडला, तेव्हा बरोबर हाच होता. 'दुपारी दोनला पडला, जागीच गेला,' असं त्याने शेरिफला सांगितलं आणि दफनाच्या दिवशी आर्डिसच्या गळ्यात पडून पुन्हा सांगितलं. आणि आता वर्ष होतं न होतं तोच याचा फोन. माझ्या बंदुकीला ऑरिनच्या काडतुसांशिवाय दुसरं काही मानवत नाही, उद्या शिकारीचा सीझन उघडतोय, वीस भरून देशील का? निर्लज्जपणाची कमाल होती. आर्डिस हो म्हणाली, कारण आदल्याच आठवड्यात तिने ऑरिनचा त्या दिवशीचा कोट उघडला होता.

कोटाच्या आतल्या खिशात वही होती. काडतुसं हाताने भरणाऱ्या माणसाची सवय. प्रत्येक बाराची वेळ आणि थंडी ऑरिन लिहून ठेवायचा. शेवटच्या पानावरचं अक्षर पार वाकडं होतं. 'तीन वीस. उणे नऊ. तीन बार. चार दहा. उणे बारा. तीन बार. पाच. तीन बार.' लागोपाठ तीन बार म्हणजे मी अडकलोय, या. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आर्डिसने ती रात्र कशी काढली ते तिलाच माहीत. त्या दिवशी खरं काय झालं ते तिला डेलच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकायचं होतं आणि त्याला जाळायचंही होतं, आणि यातलं आधी काय ते तिचं तिलाच ठरत नव्हतं.

तिने तराजूच्या पारड्यातली दारू पितळी पुंगळीत ओतली, वर गोळी बसवली, काडतूस दाबायच्या यंत्राचा दांडा खाली ओढला. विसावं काडतूस झालं. तेवढ्यात डेलची नजर टेबलावर गेली.

"आर्डिस, दोन डबे उघडे आहेत."

"हो का?"

"ऑरिन एका वेळी एकच डबा टेबलावर ठेवू द्यायचा. मी एकदा दुसरा ठेवला तर बाहेर काढलं होतं मला."

"मग? एक रायफलची, एक पिस्तुलाची."

दोन्हीतली दारू सारखीच, काळपट आणि बारीक. पिस्तुलाची झपकन जळते. ती रायफलच्या काडतुसात भरली, तर बंदूक तोंडासमोरच फुटते.

"यात कुठली भरलीस?"

"तुझा माझ्यावर विश्वास आहे ना?" आर्डिसने एक काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं. "चल. मागे थाळी टांगलीय. एक बार काढून बघ."

मागच्या कुरणात, शंभर यार्डांवर, लोखंडी थाळी होती. डेलने काडतूस आत सारलं, दस्ता खांद्याला लावला. गाल मात्र टेकवला नाही. मान वाकडी करून तो बंदूक तोंडापासून लांबच धरून राहिला.

"असा नेम लागतो होय रे? गाल टेकव."

"वारा आहे."

"गवताचं पातं हलत नाहीये." ती त्याच्या अगदी जवळ उभी राहिली. "वही सापडली मला, डेल. ऑरिनची. पाचपर्यंत लिहीत होता तो."

डेलचं बोट चापावरून निघालं. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम दिसत होता. बंदूक हळूहळू खाली आली.

"मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचे तरी बार असतील."

"खोटं."

"एल्क सोलायला घेतला होता. टाकून गेलो असतो, तर अस्वलांनी... वाटलं, मांस झाडाला टांगतो आणि मग जातो. मग अंधार पडला." त्याने बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवला. "ऐकू आले गं. सगळे ऐकू आले."

आर्डिसने त्याच्या हातून बंदूक घेतली. तो ओरडला, "नको, आर्डिस, फुटेल!" आणि दोन पावलं मागे सरून त्याने तोंडावर हात घेतले. तिने दस्त्याला गाल चिकटवला, श्वास रोखला आणि चाप ओढला.

थाळी खणकली. आवाज कुरणभर घुमला आणि विरला.

डेलने हात बाजूला केले तेव्हा ती धडधाकट उभी होती. रिकामी पुंगळी तिने काढून टाकली. उरलेल्या एकोणीस काडतुसांची पेटी त्याच्या कोटाच्या खिशात कोंबली, बंदूक खांद्याला अडकवून दिली, कॉलरही नीट केली.

"ने. सगळी चांगली आहेत. ऑरिनच्या टेबलावरून दुसरं काही बाहेर पडत नाही."

डेलचा हात खिशातल्या पेटीवर गेला.

"उद्या सीझन उघडतोय," ती म्हणाली. "उजाडल्यापासून चारी डोंगरांतून बार ऐकू येतील. बस मोजत."