अकरा अंश

"असं कोणतंही हवामान केंद्र सापडत नाही," असं कॉम्प्युटरनं चौथ्यांदा दाखवलं.

दुरुस्तीवाल्यानं कपाळावर हात मारला. हवामान यंत्राचं सॉफ्टवेअर त्यानं तीनदा काढून तीनदा टाकलं होतं. इंटरनेट तपासलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फुंकर मारायची तेवढी राहिली होती, तीही मारून झाली. वीस वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला एवढ्याशा कामानं हात टेकायला लावावं, हे त्याच्या मनाला फार लागलं.

काका शेजारी स्टुलावर बसले होते. एरवी "सावकाश ये रे" म्हणणाऱ्या काकांचे आज सकाळपासून तीन फोन आले होते. दारातच त्यांनी आवाज खाली घेऊन सांगितलं होतं, "आज हे चालू करूनच जा. लेक घर सोडून गेल्यापासून आमच्या दोघांत औषधं आणि भाजी एवढेच विषय उरलेत. निदान हवेवर तरी बोलू."

ते प्रकरण दुरुस्तीवाल्याला ठाऊक होतं. मुलीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर दूर परदेशी निघून गेली. यापुढे या घरात तिचं नाव निघता कामा नये, असं काकूंनी त्याच दिवशी बजावलं. त्याला चार वर्षं झाली होती. भिंतीवर तिच्या फोटोच्या जागी फिकट चौकोन तेवढा राहिला होता.

काकू पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. पाठ कॉम्प्युटरकडे.

"होत नसेल तर राहू दे," त्या तशाच म्हणाल्या. "खिडकी उघडली की हवा कळते. त्यासाठी यंत्र कशाला हवं?"

काकांनी स्टूल टेबलाजवळ ओढलं.

"परत एकदा यंत्राचा नंबर टाकतो," म्हणत दुरुस्तीवाल्यानं चिठ्ठी हातात घेतली. काकांनी ती खिशातून काढून दिली होती. चार घड्या पडलेली, निळ्या शाईची. "चार, शून्य, एक, एक, नऊ."

काकू त्याच्यासाठी पाणी घेऊन आल्या. पेला ठेवता ठेवता त्यांची नजर चिठ्ठीवरच्या अक्षरावर गेली आणि हात तिथंच थांबला. थोडं पाणी टेबलावर सांडलं.

"तो दुसरा एक, एक नाही," त्या म्हणाल्या. "सात आहे तो."

"काकू, हा सात कुठल्या अंगानं दिसतो?"

"सातच आहे. टाक तू."

त्यानं सात टाकला. कोपऱ्यातला लाल ठिपका हिरवा झाला आणि पडद्यावर भराभरा आकडे उमटले.

"उद्यापासून तुम्हीच बसा माझ्या दुकानात!" तो म्हणाला. काका मात्र हसले नाहीत. ते काकूंकडे बघत होते. काकू पलंगावर जाऊन बसल्या, पण आता त्यांचं तोंड कॉम्प्युटरकडे होतं.

दुरुस्तीवाल्याचा आनंद मिनिटभर टिकला. तापमान अकरा अंश! डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. वेळही साडेतीन तास मागे. त्यानं लगेच ती दुरुस्त केली.

"ती होती तशी कर," काका म्हणाले.

"अहो, पण चुकीची आहे."

"असू दे."

गिऱ्हाईकाशी हुज्जत घालायची नाही, हा त्याचा नियम होता. त्यानं वेळ परत मागे नेली, पण अकराचा आकडा त्याला स्वस्थ बसू देईना. "बाहेरच्या यंत्रातच बिघाड आहे. गच्चीवर जाऊन बघतो."

"गच्चीवर काही नाही बघण्यासारखं," काका घाईनं म्हणाले. "यंत्र नीट बसलंय."

"बसवलं कोणी?"

"घरातल्याच माणसानं."

म्हणजे काकांनीच, दुरुस्तीवाल्यानं ओळखलं. उलटसुलट बसवलं असणार आणि आता कबूल करायची लाज वाटत असणार. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं?

"अकरा म्हणजे स्वेटर लागेल ना रे?" पलंगावरून काकूंनी विचारलं.

"काकू, तुम्हीपण माझी चेष्टा करा."

"आणि वारा?"

"वारा आहे. चांगलाच आहे. सगळं खोटं आहे हो!"

काकूंनी हातातल्या चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. पुन्हा मोडली.

तेवढ्यात पावसाच्या रकान्यातलं शून्य हललं. एक मिलिमीटर. मग दोन. खिडकीबाहेर टळटळीत ऊन होतं, आकाशात औषधाला ढग नव्हता.

दुरुस्तीवाल्यानं खरोखरच हात टेकले. "काका, मला माफ करा. हे यंत्र गेलंय. दुकानदाराला परत द्या आणि दुसरं आणा. याच्यावर विश्वास ठेवाल तर उन्हात छत्री घेऊन फिराल."

काका खाली मान घालून बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून दुरुस्तीवाल्याला कसंतरीच झालं. एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू, आपण जरा हळुवार बोलायला हवं होतं.

काकू उठल्या. पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पावसाचा आकडा दोनाचा तीन होईपर्यंत बघत राहिल्या. मग टेबलावरचा फोन उचलून त्यांनी काकांच्या हातात दिला.

"लावा तिला," त्या म्हणाल्या. "म्हणावं, पाऊस आलाय, दोरीवरचे कपडे काढ. लहानपणापासून विसरते."