उघडी बशी

लॅबच्या मॅडमच्या कोटावर पाठीमागे ‘भाड्याने देणे आहे’ असा कागद. फोटो तीन महिन्यांपूर्वीचा, पण उपद्व्याप्या आज सकाळीही तो टायपिस्टबाईंना दाखवून खिदळत होता. लॅबमध्ये सगळे त्याला उपद्व्याप्याच म्हणत. अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्याने फोटो मोठा केला, आणि खिदळणं थांबलं.

मॅडमच्या मागे दिवा. दिव्याखाली दोन बश्या. एकीत धडधाकट माणसाच्या पेशी, ती उघडी. दुसरीत एका सहा वर्षांच्या पोरीच्या. तिच्यावर प्लास्टिकचं झाकण तसंच!

पोरीला ऊन बाधतंय अशी डॉक्टरांना शंका होती म्हणून त्या पेशी आल्या होत्या. काम साधं होतं. दिव्याच्या अतिनील किरणांनी पेशींमधला डीएनए मुद्दाम बिघडवायचा. पेशी बिघाड हुडकतात, खराब तुकडा कापून नवा जोडतात. जोडला की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके चमकतात. पण हे किरण झाकणातून जात नाहीत. पोरीच्या पेशी बिघडल्याच नव्हत्या, मग दुरुस्त काय करणार, कपाळ? ठिपके आले नाहीत. रिपोर्ट गेला: उन्हातही हेच किरण असतात, हिला ऊन चालणार नाही. तेव्हापासून पोरगी जाड पडद्यांआड होती.

झाकणं काढायचं काम त्याचंच होतं, आणि त्या दिवशी कागद चिकटवण्याच्या नादात एक राहून गेलं होतं. आपल्या एका खोडीपायी लेकराचं ऊन गेलं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पुन्हा तपासायला चार-पाच तास लागणार होते. तेवढाही धीर निघेना. त्याने पोरीच्या आईला फोन लावला.

“ताई, चूक माझी आहे. तुमच्या पोरीला काही झालेलं नाही. उघडा ते पडदे!”

बाई आधी रडली. मग म्हणाली, “दादा, तुमच्या तोंडात साखर पडो.”

त्याला एकदम हलकं वाटलं. आता काय, मॅडमला दाखवायला कागद हवा, एवढंच. त्याने उबदार पेटीत वाढवत ठेवलेल्या पोरीच्या आणि धडधाकट माणसाच्या, दोन्ही पेशी काढल्या, झाकणं बाजूला केली, दोनदा खात्री केली, दिवा लावला.

दुपारी त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. धडधाकट पेशींत हिरवे ठिपके लखलखत होते. पोरीच्या पेशींत मिट्ट काळोख. काच पुसली. बशी फिरवली. काळोखच.

त्याने पुन्हा तोच नंबर लावला.

“ताई, पोरगी कुठंय?”

“अंगणात, दादा!” बाई हसत होती. “सकाळपासून आत यायचं नावच घेत नाहीये.”