सगळे सिग्नल हिरवे

वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं, "नौशादभाई, दंड भरा, मोकळे व्हा. कोर्टाकडे फेरप्रवास मागू नका."

पण दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल, मग लायसन गेलं तर टेम्पो कोण चालवणार? आणि अब्बांच्या छातीत कळ आल्यावर गाडी सुसाट हाणली, हा काय गुन्हा झाला? नौशादनं फेरप्रवास मागितलाच: नियमानं गाडी चालवली असती तर काय झालं असतं, ते कोर्टाच्या मशीननं दाखवायचं!

कोर्टाच्या पडद्यावर तीच संध्याकाळ, तोच टेम्पो, फक्त वेग नियमातला. आणि काय सांगू, सिग्नल त्याच वेगाला जुळवलेले, एकेक हिरवा होत गेला! त्या दिवशी प्रत्येक लाल लागला होता, शेवटच्या लालला अब्बा गेले होते. पडद्यावरचे अब्बा दवाखान्यापाशी स्वतःच्या पायांनी उतरले.

"हेतू चांगला होता," कोर्टाचं मशीन म्हणालं. "चालान रद्द."

"बाई," नौशाद पुटपुटला, "दंड भरतो मी. तेवढं ते बंद करायला सांगा."