अनोळखी फोन

आईच्या ईमेलमध्ये कुणीतरी शिरलं होतं. एक अनोळखी फोन गेली तीन वर्षं रोज तिचं खातं उघडत होता. मी त्याला बाहेर काढलं आणि पासवर्ड बदलला.

"आता चिटपाखरूही शिरणार नाही, आई!"

आईने घाईघाईने ड्राफ्ट उघडले, तिथे न पाठवलेली पत्रं होती. प्रत्येकाची सुरुवात 'बाळा' अशी होती आणि प्रत्येकाखाली एकच शब्द होता: 'वाचलं.'

"तुझ्या दादाला बाबांनी घराबाहेर काढलं, तेव्हा मी त्याला जुना पासवर्ड दिला होता गं, ही पत्रं वाचायला. त्याचा पत्ता, नंबर, काहीच नाही माझ्याकडे."

मी जुना पासवर्ड पुन्हा ठेवायला गेले, पण एकदा वापरलेला पासवर्ड खातं परत घेईना.



"राहू दे," आई म्हणाली. "एव्हाना त्याला वाटलं असेल, आईनेही दार लावलं."