न वाजवलेली कॅसेट

घड्याळजींनी पांढरे हातमोजे चढवले आणि त्यांच्या पत्नी, नर्सबाई, दारातच थबकल्या. आज त्या कॅसेटची पाळी होती.

गेले चार महिने नवरोबा मागच्या खोलीत बसून ऐंशीच्या दशकातले पॉप अल्बम एकेक करून संगणकावर उतरवत होते. सहाशे झाले, ही शेवटची. या अल्बमची पहिली आवृत्ती आठवडाभरातच बाजारातून मागे घेतली गेली होती आणि पुढच्या आवृत्तीतून एक गाणं गाळलं होतं. त्या एका गाण्यासाठी देशोदेशीचे संग्राहक घड्याळजींच्या खनपटीला बसले होते, आणि संध्याकाळपर्यंत पाठवतो असा शब्द हे गृहस्थ देऊन मोकळे झाले होते.

ही कॅसेट ते कधी वाजवत नसत. फीत झिजते म्हणे.

तिथेच तर घोळ झाला होता. छत्तीस वर्षांपूर्वी एका दुपारी अकरा महिन्यांच्या मुलीला एकाएकी वाचा फुटली. घरात कोरी कॅसेट नाही, दुकानं बंद, आणि पोरीचा काय भरवसा, पुन्हा तोंड मिटून बसायची. जी कधीच वाजत नाही तीच नर्सबाईंनी उचलली, चुकून वर काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून ठेवलेल्या मागच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. कॅसेटचं मोल नंतर कळलं. तेव्हापासून त्या मूग गिळून बसल्या होत्या.

"अहो, आज राहू द्या ना. डोळे बघा किती लाल झालेत."

"एवढी एकच राहिलीय गं. बस इथे."

त्या बसल्या. घड्याळजींनी कळ दाबली. फीत जराशी खरखरली आणि गाणं सुरू झालं. मग दुसरं, तिसरं. एक बाजू संपली, दुसरीही संपत आली. गाळलेलं गाणंसुद्धा आलं, अगदी स्वच्छ. पोरीचा आवाज कुठेच नव्हता.

नर्सबाईंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे त्या दुपारी घाईत भलतीच कॅसेट हाताला लागली असणार. छत्तीस वर्षं आपण उगीच झुरलो, या विचाराने त्यांना हसूच फुटलं. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्या चहा टाकायला उठल्यासुद्धा.

"कुठे निघालीस?" घड्याळजी मोजे काढत म्हणाले. "ही नंतर मिळवलेली प्रत. बारा वर्षं शोधत होतो. आपली पहिली प्रत तुला ऐकवायचीय अजून. ती मात्र मी कुणाला पाठवणार नाही."

त्यांनी संगणकावरची एक फाइल उघडली. पुन्हा तीच खरखर, आणि नर्सबाईंचाच पंचविशीतला आवाज खोलीभर झाला:

"बोल, बाळा, बोल. बाबांना नाही कळायचं. ते ही कॅसेट कधी लावतच नाहीत."